बाईच्या उंचीचा ओटा

१७ नोव्हेंबर १९८३, गुरुवार

आज बाईचा दहावा झाला. बाई म्हणजे माझी थोरली बहीण सीताबाई. नवरा वारल्यावर बाविसाव्या वर्षी ती एकोडीला आमच्या घरी परत आली, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि आई नुकतीच गेली होती. मला वाढवलं ते बाईनं. पुढची सदतीस वर्षं या घराचं स्वयंपाकघर तिच्या हातात होतं.

सकाळच्या पहिल्या गाडीनं भंडाऱ्याला गेलो. वैनगंगेच्या घाटावर साडेनऊला पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. समोरच्या पिंपळावर चांगले दहा-बारा बसले होते, खाली एकही येईना. अकरा चाळीसची साकोली गाडी आमच्या डोळ्यांदेखत गेली. रीतच आहे, मेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला ते ओळखून मोठ्यानं वचन द्यायचं. चुलतभाऊ केशवराव म्हणाला, बाई, तुझी गाय विकणार नाही. कावळे ढिम्म. कोणी म्हणालं, पुंडलिकला, म्हणजे मला, अंतर देणार नाही. तरी ढिम्म. भटजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले.

मग मला तिचे गुडघे आठवले. पाच-सहा वर्षं तिचं एकच मागणं होतं, उभ्यानं रांधायला एक ओटा बांधून दे. मी दर वर्षी म्हणायचो, दिवाळी झाल्यावर. दिवाळ्या होत गेल्या. मी हात जोडून म्हणालो, "बाई, ओटा बांधतो. याच महिन्यात हात घालतो."

जोडलेले हात सुटायच्या आत एक कावळा खाली आला आणि त्यानं पिंडाला चोच मारली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, हे मलाही कळतं. पण अंगावर काटा आला तो आला.

घरी येऊन हिला सांगितलं. ही सुपात तांदूळ निवडत होती. तिनं एवढंच विचारलं, "मोठ्यानं म्हटलं काय?" मी हो म्हणालो. "मंग बांधा लागते," म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली.

२५ नोव्हेंबर

तेरावं उरकलं. गोमाजी गवंडी येऊन स्वयंपाकघर पाहून गेला. साकोलीच्या एसटी स्टँडावर वाहतूक नियंत्रक असलेल्या माणसाच्या खिशात किती असतं ते त्याला ठाऊक आहे, त्यामुळे त्यानं मोठी स्वप्नं दाखवली नाहीत. गोठ्याची पडकी भिंत उतरवून तिच्या विटा घ्यायच्या, सिमेंटची दोन पोती केशवरावाकडं उरली आहेत ती आणायची, वर लाल कोबा, त्यावर दोन तोंडांची चूल आणि धूर बाहेर काढायला पत्र्याचा नळ.

गोमाजी कंदील घेऊन आत शिरला, तेही भर दुपारी. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नाही. बाईनं कधी पाडू दिली नाही. रस्त्यानं जाणाऱ्याची नजर अन्नावर पडते, असं ती म्हणायची.

गोमाजी निघाला तेव्हा ही दाराशी आली. "पूर्वेकडं एक खिडकी ठेवाल काय? लहानशी चालन." एकोणीस वर्षांच्या संसारात हिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो. गोमाजी म्हणाला, चौकटीचं लाकूड लागेल, वर आडवा दगड लागेल. मी म्हणालो, ओटा होऊन काय उरतं ते पाहू.

लग्नाच्या वेळी ही मोठ्यानं हसायची. बपेऱ्याच्या, म्हणजे हिच्या माहेरच्या, लोकांना तोंड दाबून हसता येत नाही, असं मी चिडवायचो. हे एकदम का आठवलं कोण जाणे.

३० नोव्हेंबर

जुनी चूल आज मोडली. आधी हिनं तिच्यातला विस्तव घमेल्यात काढून अंगणात ठेवला. चुलीच्या पोटातून राख निघतच राहिली. आई, आजी, बाई, सगळ्यांची असेल.

गोमाजीनं ओट्याच्या उंचीसाठी हिला भिंतीजवळ उभं केलं आणि कमरेखाली कोळशानं रेघ मारली. मी स्टँडावर होतो. ही उंच आहे, म्हणून ओटा जरा उंच घे, असं सकाळीच त्याला बजावलं होतं.

४ डिसेंबर, रविवार

ओट्याचं काम कोब्यापर्यंत आलं. ही समोर उभी राहिली तर चांगला वीतभर ठेंगणा; बाई बुटकी, तिला बरोबर बसला असता. पोळी लाटायची तर कमरेत मोडावं लागेल. गोमाजी म्हणतो रेघेबरहुकूम बांधला. रेघ पाहिली तर खरंच रेघेबरहुकूम. पंचवीस वर्षं हातात ओळंबा धरलेला माणूस, त्याला काय बोलणार? वरचा थर काढून दोन थर वाढवायचं ठरलं. खिडकीसाठी बाजूला ठेवलेल्या विटा त्यात जातील. उद्या पुन्हा माप घेईल.

९ डिसेंबर

पुन्हा ठेंगणा. थर वाढवायचे ठरलेले, वाढवलेले काही दिसत नाहीत. मला राग आवरेना. मी गोमाजीला अंगणात बोलावून दोन शब्द सुनावले. तो हलक्या आवाजात म्हणाला, "दोन्ही खेपेस वहिनी वाकूनच उभ्या राह्यल्या, साहेब. रेघ खालीच आली, म्हणून थर वाढवले नाहीत. म्या म्हटलं, सरळ उभ्या राहा. त म्हनल्या, मी सरळच आहो."

मी म्हणालो, कंबर दुखत असेल. तो म्हणाला, असन.

आता तोडफोड परवडणारी नाही. सिमेंट कोब्यापुरतंच उरलं, पैसे संपले. जसा आहे तसा लाल कोबा घालून टाक म्हणालो. हिला सांगायचं मोठं कठीण वाटत होतं. बसलो आणि सांगितलं की खिडकी आता पुढच्या वर्षी पाहू.

ती म्हणाली, "राहू द्या. अन्नावर नजर पडते."

किती समजूतदार आहे. दुसरी असती तर तिनं महिनाभर तोंड फुगवलं असतं.

१४ डिसेंबर

नव्या ओट्यावर आज पहिला स्वयंपाक. ओटा आरशासारखा घोटला आहे, गोमाजीचा हात खरंच चांगला. धूर नळानं बाहेर जातो.

पण लिहायचं ते वरणाबद्दल. पहिला घास घेतला आणि माझा हात थांबला. ते बाईचं वरण होतं. तीच मेथीची फोडणी, तोच गुळाचा खडा, जो आहे की नाही असा संशय यावा इतकाच. एकोणीस वर्षं बाईच्या हाताखाली राहून हिला ते कधी जमलं नव्हतं, बाई तसं बोलूनही दाखवायची. मी दोनदा भात घेतला. डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं नाही. आतून पळी पातेल्याच्या काठावर दोनदा आपटल्याचा आवाज आला. बाई असंच करायची.

वचन पुरं केल्याचं समाधान म्हणतात ते हेच असावं.

२१ डिसेंबर

हिचा उजवा गुडघा दुखतो. पाय जपून टाकते. साकोलीहून तेल आणलं, लावून घेत नाही. म्हणते, हे काय आजचं दुखणं आहे. मी म्हणालो, आजचं नाही तर कधीचं?

एक गंमत. ओटा ठेंगणा म्हणून इतकी आदळआपट केली, पण हिला तो आता बरोबर बसतो. वाकावं लागत नाही. काल सायंकाळी मुद्दाम दारात उभा राहून पाहिलं. अंगणात वाळत घातलेलं लुगडं ही टाचा न उचलता काढते, माझ्या कानाशी तिचं डोकं येतं. तीच आत जाऊन ओट्याशी उभी राहिली की माझ्या छातीशी. आतली जमीन खोल गेली असेल. चूल खणली तेव्हा गोमाजीनं मुरूम नीट चोपला नाही. पण उंबरठ्याची पायरी तर पूर्वीइतकीच आहे.

दोनदा आत-बाहेर करायला लावल्यावर ही म्हणाली, "काहून पाहून राहिले?" मी म्हणालो, सहज.

२८ डिसेंबर

हिचा भाऊ टिकाराम बपेऱ्याहून आला होता. पुतणीचं लग्न ठरतंय, रत्नाला आठ दिवस पाठवा म्हणाला. रत्ना म्हणजे ही. मी नावानं कधी हाक मारली नाही, आमच्याकडे ती पद्धत नाही आणि बाई घरात असताना तर शक्यच नव्हतं.

हिनं त्याला पाट दिला, वाढलं, आग्रह केला. सगळं रीतीनं झालं. पण तो हात धुवायला अंगणात आला तो घाबरलेला होता. "भाऊजी, रत्नाले काय झालं? मले पावन्यासारखं इचारून राहिली. मायनं आठवन काढली म्हटलं, त म्हने, कोनाची माय?"

मी म्हणालो, बाई गेल्याचा धक्का आहे. तो म्हणाला, आजच नेतो तिला. मी नाही म्हणालो. का नाही म्हणालो ते इथं तरी खरं लिहितो. ती गेली तर त्या ओट्यावर कोण रांधणार, हे माझ्या मनात पहिल्यांदा आलं. तिची आई तिची वाट पाहते, हे दुसऱ्यांदा आलं.

टिकारामला सांगितलं, संक्रांतीच्या आधी ये. जाताना त्यानं बहिणीला हाक मारली. आतून पळी काठावर आपटल्याचा आवाज आला.

१ जानेवारी १९८४, रविवार

सुट्टी होती. ओसरीवर पेपर वाचत होतो. बारा वाजून दहा मिनिटांनी आतून हाक आली, "नान्या, ताट घेतलं."

मी "ओ" दिली. देऊन झाल्यावर कळलं की ओ दिली. नान्या मला फक्त बाई म्हणायची. हिच्या तोंडी तो शब्द कधी आला नाही, येणं बरोबरही नव्हतं, नवऱ्याला कोण असं म्हणतं?

घाबरायला हवं होतं. मी घाबरलो नाही. बाई गेल्यापासून मला कोणी त्या नावानं हाक मारली नव्हती, आणि पुढं कोणी मारणार नाही हे मी मनाशी धरून चाललो होतो. मी पाटावर बसलो आणि जेवलो. मला बरं वाटलं. कोणाला सांगता येणार नाही, पण फार बरं वाटलं.

४ जानेवारी

आता मात्र मला भीती वाटते.

दुपारी डोकं दुखत होतं म्हणून स्टँडावरून लवकर निघालो. पावणेदोनला घरी पोहोचलो. सायकल भिंतीला टेकवली तेव्हा आतून बोलणं ऐकू आलं. कोणी शेजारीण असेल म्हणून चपला न काढता दारात थांबलो.

ही ओट्याशी पाठमोरी उभी होती. एकटी. बाईच्या आवाजात म्हणाली, "सरक वो रत्ना. मीठ माह्या हातचं पडू दे."

आणि ती सरकली. पातेल्यासमोरून दोन पावलं डावीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात, जिथं उजेड मुळीच नाही. हात पदराखाली घेऊन, मान खाली घालून तिथं उभी राहिली. पातेल्यासमोर कोणी नव्हतं. पळी काठावर दोनदा आपटली. तिचे हात तर पदराखाली होते.

मी परत ओसरीवर येऊन बसलो. पण पळीपेक्षा मला दुसरंच छळतं आहे. "सरक वो रत्ना" हे वाक्य मी एकोणीस वर्षं दिवसातून दोनदा ओसरीवर बसून ऐकलं आहे. सरकून ती कुठं उभी राहत असेल, असा विचार मला एकदाही सुचला नाही. तिच्यासाठी तिथं तेवढा एक कोपरा होता, आणि तिनं मागून मागून काय मागितलं, तर त्यात थोडा उजेड यावा. तोही मी दिला नाही. मेलेल्या माणसाला दिलेलं वचन पाळलं आणि जिवंत माणसाला पुढच्या वर्षी पाहू म्हणालो. मी वाईट माणूस आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

५ जानेवारी

रजा टाकली. सकाळी पहार घेतली आणि पूर्वेची भिंत स्वतः फोडली. चौकट नाही, आडवा दगड नाही, नुसतं हातभर लांब-रुंद भोक. मातीची भिंत आहे, पडायची असेल तर पडो. हाताला फोड आले.

ऊन सरळ ओट्यावर पडलं. जन्म या घरात गेला, पण स्वयंपाकघराच्या भिंती मी आज पहिल्यांदा दिवसाउजेडी पाहिल्या. चारी बाजूंनी काजळी. फक्त डाव्या कोपऱ्यात, खांद्याच्या उंचीवर, एक जागा घासून स्वच्छ झालेली होती. ही ताठ भिंतीला टेकून उभी राहिली तर हिचा खांदा बरोबर तिथं येईल.

ही अंगणातून फिरून त्या भोकासमोर आली आणि बाहेरून आत पाहू लागली. ताठ उभी होती. पायही नीट टाकत होती. बराच वेळ पाहून म्हणाली, "चांगलं दिसते."

आवाज तिचा होता. मला रडू आलं. मी म्हणालो, आत ये, आता तुझंच आहे सगळं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, लहान मुलाकडे पाहावं तसं. "मी कशी येऊ? थ्या आहेत नं आत."

मी आत होतो. माझ्याशिवाय तिथं कोणी नव्हतं. मी वळून पाहिलं नाही.

दिवसभर ती अंगणातच बसली. मी भात केला, तो करपला. तिला पानावर दिला, तिनं खाल्ला. इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदा हसली, माझ्या करपलेल्या भाताला. मोठ्यानं हसली. उद्या टिकारामला पत्र टाकतो, येऊन घेऊन जा म्हणून. घर बदलायचं, नाही तर ओटा फोडायचा, काय ते नंतर ठरवू.

७ जानेवारी, शनिवार

काल पत्र टाकायचं राहिलं. सकाळी आठच्या ड्युटीला गेलो.

साडेबाराच्या सुमारास श्यामराव कंडक्टर परतीच्या गाडीवरून उतरला आणि म्हणाला, वहिनी सकाळच्या तुमसर गाडीनं गेल्या, तुम्ही सांगितलं नाही. त्यानं त्यांना पुढच्या सीटवर जागा करून दिली. मांडीवर पिशवी होती. साहेब कसे आले नाहीत सोडायला, असं त्यानं विचारलं, तर त्यांना कामं असतात म्हणून हसल्या. मोठ्यानं हसल्या, साऱ्या गाडीनं वळून पाहिलं, असंही म्हणाला. दहा वीसची गाडी. ती मीच पुकारली होती. तिच्या दाराशी उभं राहून मीच शिटी दिली होती. मला ती दिसली कशी नाही?

पण मला आनंदच झाला, हे देवाशप्पथ लिहितो. आपल्या पायांनी गेली. आईकडं पोहोचेल, पुतणीचं लग्न पाहील. मी चारच्या गाडीनं मागोमाग जायचं ठरवलं. जाऊन तिच्या आईसमोर तिची माफी मागायची आणि तिला हवं असेल तर बपेऱ्यालाच राहायचं, असं सायकलवर मनाशी घोकत आलो. धोतर-सदरा पिशवीत टाकायचा, कुलूप लावायचं, इतकंच काम होतं.

फाटकाशी आलो तर नळातून धूर निघत होता.

श्यामरावाची ओळखण्यात चूक झाली, असं वाटून माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी घाबराही झाला. भिंतीतलं भोक आतून गोणपाटानं झाकलेलं होतं. मी अंगणात उभा राहून जन्मात पहिल्यांदा हाक मारली, "रत्ना."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. मग अगदी सहज, मायेनं, उत्तर आलं. "थे गेली आपल्या माहेरी. तू हातपाय धू. भात निवून राहिला."

सायकल हातातच होती. वळवली असती तर गाडी मिळाली असती, पाऊण तासाचा रस्ता आहे, दोन वाजले होते. मेथीच्या फोडणीचा वास आला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. जेवून निघतो, असं मी म्हणालो. कोणाला म्हणालो ते लिहीत नाही.

आता पाच वाजून गेले आहेत. चारची गाडी वेळेवर सुटली असेल. आत भांडी घासणं चाललं आहे.